बारीपलीकडचं गाव

हॉस्टेलवर पहिल्या दिवशी सगळे एकमेकांना तीनच प्रश्न विचारतात. ब्रँच कोणती, सीईटीला किती आणि गाव कोणतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे होती. तिसऱ्याला मी म्हणाले, "ठाणे."

"ते राहायला गं. मूळ गाव?"

"इकडेच. सटाण्याच्या पुढे कुठेतरी."

माझी रूममेट बॅग उपसत होती, ती एकदम उभीच राहिली. ती सटाण्याची निघाली! पुढे म्हणजे कुठे, ताहाराबादच्या अलीकडे की पलीकडे, नदीच्या या काठाला की त्या काठाला, असं तिने धडाधड विचारलं. मला गावाच्या नावापुढे काहीही सांगता येईना. नदीचं नावसुद्धा नाही. "कसली गं तू गावची!" असं म्हणून ती परत बॅगेकडे वळली. मला त्याचं वाईट वाटलं, पण ते वाटायला तीन वर्षं लागली. तेव्हा मी फक्त हसले.

तर आधी कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. शाळेच्या आवारात मराठी बोललं की दंड भरावा लागायचा आणि मराठी हा विषय आम्हाला तिसरी भाषा म्हणून, म्हणजे पास होण्यापुरता. या लेखातलं शुद्धलेखन मराठी विभागाच्या संपादकांनी सुधारलेलं आहे. वाक्यं मात्र माझीच आहेत, त्यामुळे शिव्या मलाच द्या.

गावाला आम्ही दोन-तीन वर्षांतून एकदा चार दिवस जायचो. आबा, म्हणजे माझे आजोबा, फक्त अहिराणी बोलतात. ते काही बोलले की मी मान हलवायची, मग ते हसायचे आणि माझ्या हातावर शेंगा ठेवायचे. आमचं नातं एवढंच. पण हॉस्टेलवर रूममेट रोज रात्री आईला फोन करायची तेव्हा मी पांघरुणात पडून ऐकायचे. मला-तुलाचं 'माले-तुले', किती म्हणजे 'कितला', आणि 'आहे' च्या जागी 'शे'. एक दिवस ट्यूब पेटली. आमच्या मजल्यावरची सुरतची मुलगी फोनवर सारखं 'छे, छे' म्हणते, तेच हे! तोपर्यंत मला वाटायचं की आबा बोलतात ते बिघडलेलं मराठी. ते तसं नाही. ती एका रस्त्यावरची भाषा आहे आणि तो रस्ता सुरतेहून येतो, हे मला नंतर कळलं.

गेल्या सप्टेंबरमध्ये पप्पांचा फोन आला. काकांना आमची नदीकाठची दीड एकर जमीन डाळिंबाला लावायची आहे, ठिबक बसवायचं आहे आणि त्यासाठी बँकेचं कर्ज हवं आहे. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं, म्हणून पप्पांची सही लागते. आबांचा विरोध आहे. "मला तिथलं आता काही समजत नाही," पप्पा म्हणाले. "तू सिव्हिलची आहेस. कोजागिरीला जाऊन ये, बघ आणि मला सांग सही करू का." सबमिशन डोक्यावर असताना हे काय नवीन, असं मी म्हटलंसुद्धा. पण गेले.

नाशिकहून सटाण्याची एसटी पकडली. सोग्रस फाट्याला हायवे सोडला की डोंगराची एक रांग आडवी येते आणि देवळ्याच्या आधी भाबडबारीचा घाट लागतो. बारी म्हणजे खिंड. आमच्या भागात जिकडेतिकडे बाऱ्या आहेत. ही रांग सातमाळ्याची. सप्तशृंगी, धोडप, चांदवड हे सगळं तिच्यावरच. नाशिकला आपण उठता-बसता गोदावरी म्हणतो, कुंभमेळा म्हणतो, पण या रांगेच्या उत्तरेला पडलेला पावसाचा थेंब गोदावरीला मिळत नाही. तो गिरणेला जातो, गिरणा तापीला आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. त्र्यंबकचं पाणी अख्खा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात आणि त्याच जिल्ह्यातलं आमचं पाणी उलट्या समुद्रात! हायड्रॉलॉजीत 'वॉटर डिव्हाइड' ची व्याख्या मी दोन मार्कांसाठी पाठ केली होती. एसटीने ती मला न थांबता ओलांडून दाखवली.

सटाणा गेलं, ताहाराबाद आलं आणि खोरं उघडलं. हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण तसंच वाटतं. उत्तरेला सेलबारीची रांग आणि तिच्यावर मांगी-तुंगीची ती दोन टोकं, जैनांचं मोठं तीर्थ. दक्षिणेला डोलबारीची रांग. मध्ये मुल्हेर आणि त्याच्या दोन बाजूंना मोरा आणि हरगड. पश्चिमेला सगळ्यांच्या मागे साल्हेर. आणि खाली, मधल्या पट्ट्यात, मोसम नदी. (नदीचं नाव आता कुणीही विचारा!) ती या डोंगरांतून निघते, पूर्वेला वाहते आणि मालेगावजवळ गिरणेला मिळते. डोंगरांना पायऱ्यांसारखे थर दिसतात, एक कडा, मग उतार, मग पुन्हा कडा. लाव्हाचे थर एकावर एक थिजत गेले, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. दगडाला 'ट्रॅप' म्हणतात तो शब्दच मुळी स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला. हे मला जिऑलॉजीत ठाऊक होतं, फक्त ते माझ्या काकांच्या ओट्यावरून दिसतं हे ठाऊक नव्हतं.

आबा ओट्यावरच बसले होते. "कव्हय उनी?" त्यांनी विचारलं. कधी आलीस. मी चक्क उत्तर दिलं, मराठीत. रूममेटच्या फोनचे उपकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नववीतला चुलतभाऊ मला साल्हेरला घेऊन गेला. जमीन बघायच्या आधी किल्ला बघ, मग सगळं कळतं, असा त्याचा आग्रह. वाघांबे गावातून वर चढलो. साल्हेर आणि सालोट्याच्या मधल्या खिंडीत पोचेपर्यंत माझे पाय गेले. त्याच्या हातात पाण्याची बाटली आणि पायात चप्पल, माझ्याकडे स्पोर्ट्स शूज, ओआरएस आणि सनस्क्रीन! वर परशुरामाचं छोटं देऊळ आहे. साल्हेर १५६७ मीटर. महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, आणि शिखर म्हणून कळसूबाईच्या खालोखाल. ११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात हा आहे. गावात त्याचे फ्लेक्स अजून होते.

पण वर गेल्यावर मी बघत बसले ते वेगळंच. पश्चिमेला हिरवं, नुसतं जंगल. तो डांग, गुजरात. पूर्वेला पिवळट, उघडं, मध्ये नदीची एक हिरवी रेघ. एकाच डोंगराच्या दोन बाजू. पावसाळी ढग पश्चिमेकडून येतात, या भिंतीला धडकतात, बहुतेक तिथेच रिकामे होतात आणि आमच्या बाजूला उरलंसुरलं येतं. सुरत इथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. मोसमच्या पाण्याला तिथे पोचायला मालेगाव, जळगाव जिल्हा, तापी असा केवढातरी वळसा. माणसांना मात्र घाट उतरला की झालं.

आणि माणसं उतरत आणि चढत राहिली. सुरतेच्या बंदराचा माल दख्खनेत न्यायचा तर बागलाणातून जायचं. ज्याच्या हातात मुल्हेर आणि साल्हेर, त्याच्या हातात ही वाट. बागूल राजांनी मुल्हेर शतकानुशतकं धरून ठेवला, एका बाजूला गुजरातचे सुलतान आणि दुसऱ्या बाजूला दख्खनचे. बागलाण हे नाव त्यांच्यावरूनच आलं असं म्हणतात. त्यांच्या दरबारातल्या रुद्रकवीने १५९६ मध्ये या घराण्यावर एक अख्खं संस्कृत महाकाव्य लिहिलं. त्यात मुल्हेर म्हणजे मयूरगिरी. अकबराच्या अबुल फझलनेही 'आईन-ए-अकबरी' त बागलाणची नोंद केली आहे. किल्ले बळकट आणि फळं उत्तम, त्यात द्राक्षं आणि डाळिंबं. हो, डाळिंबं! काकांच्या कर्जाच्या फॉर्मवरचं पीक चारशे वर्षांपूर्वीच्या फारसी ग्रंथात आहे. हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "तवा तेल्या नव्हता." तेल्या म्हणजे डाळिंबावरचा रोग, ज्याने इथल्या कितीतरी बागा उपटायला लावल्या.

१६३८ मध्ये औरंगजेबाने, तेव्हा तो दख्खनचा सुभेदार होता, फौज पाठवून मुल्हेर घेतला आणि बागूलांचं राज्य संपलं. १६७० मध्ये शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून याच खोऱ्यातून परतले आणि पुढे वणी-दिंडोरीला मोगलांशी लढाई झाली. १६७१ च्या जानेवारीत साल्हेर घेतला. मग फेब्रुवारी १६७२ मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी जी लढाई झाली ती गनिमी काव्याची नाही, उघड्या मैदानातली. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी इखलासखान आणि बहलोलखानाच्या फौजा मोडल्या. सूर्यराव काकडे पडले. मोगलांना असं समोरासमोर हरवण्याची ही पहिली मोठी वेळ. चुलतभावाने मला वरून बोट करून ती जागा दाखवली. तिथे आता कांद्याची रोपं टाकलेली होती.

आमच्या शाळेत यातलं काहीच नव्हतं. मला प्लासीची लढाई तारखेसकट येते. हे रागाने लिहीत नाही, प्लासीही यायलाच हवी. पण माझा पणजोबा ज्या मैदानात गुरं चारायचा तिथे काय झालं हे मला नववीतल्या मुलाने सांगावं, याची लाज वाटली.

संध्याकाळी आबा मला शेतावर घेऊन गेले. इथून पुढे माझा खरा लेख आहे, सिव्हिलवाल्यांनी नीट वाचा.

आमची जमीन फडातली. मोसम, आरम आणि पांझरा या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत आहे. नदीत एक बुटका दगडी बंधारा. धरण नाही, पाणी साठवत नाही, फक्त थोडं वर उचलतो आणि काठाने काढलेल्या पाटात वळवतो. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतं. पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, ते फड. आणि गंमत इथे आहे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या वर्षी या फडात ऊस, त्या फडात गहू, तिसऱ्यात आणखी काही, आणि पुढच्या वर्षी बदल. त्यामुळे पाणी एकगठ्ठा एका फडाला देता येतं, उसाखालची जमीन सारखी ओली राहून चोपण होत नाही. शिवाय बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात असतो. पाऊस कमी झाला की एक फड कोरडा ठेवायचा. मग तोटा होतो तो सगळ्यांचाच थोडाथोडा. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, पिकाची राखण करायला जागल्या. त्यांचा मोबदला धान्यात. पाट साफ करायला घरटी माणूस. सरकार बागूलांचं असो, मोगलांचं, मराठ्यांचं की १८१८ नंतर इंग्रजांचं, पाणी वाटायला पाटकरीच. 'वॉटर युजर्स असोसिएशन' हे प्रकरण आम्हाला टीईला नवीन कल्पना म्हणून शिकवलं होतं!

आबा पाटाच्या काठावर थांबले आणि मला विचारलं, "पाट कितला उतरस?"

शब्द कळले. पाट किती उतरतो. ग्रेडियंट! आबा माझी व्हायवा घेत होते आणि मला उत्तर येत नव्हतं. डोळ्याला तर तो सपाट दिसत होता.

दुसऱ्या दिवशी गावातल्या मिस्तरीची पाण्याची नळी मागून आणली, तीच ती बांधकामावर लेव्हल काढायची पारदर्शक नळी. पंधरा मीटरची. एक टोक मी धरलं, एक चुलतभावाने. पाटाच्या शेवटच्या कोरड्या भागात वीस वेळा नळी हलवून तीनशे मीटर मोजले. उतार निघाला अठ्ठावीस सेंटीमीटर. म्हणजे साधारण हजारास एक. (सर्व्हेच्या सरांनी क्लोजिंग एरर विचारू नये ही विनंती.) पुस्तकात लहान कालव्याला देतात तसाच उतार. आबांना सांगितलं तर त्यांना विशेष वाटलं नाही. कसा काढला असेल विचारलं तेव्हा ते बरंच बोलले आणि भावाने मराठी करून सांगितलं. थोडं खणायचं, पाणी सोडायचं, ते जिथे थांबेल तिथे अजून खणायचं. पाण्यालाच विचारत जायचं.

आता तुम्हाला वाटेल की मी आबांच्या बाजूने निकाल दिला. मलाही तसंच वाटत होतं. पण शेवटचे तीनशे मीटर आम्ही सुखाने मोजले कारण ते कोरडे होते, आणि ऑक्टोबरमध्ये, पावसाळा नुकता संपलेला असताना, ते कोरडे नसायला हवे होते.

रात्री काकांनी हिशेब मांडला. ते चिडलेले नव्हते, थकलेले होते. वर हरणबारीचं धरण झालं तेव्हापासून नदी पूर्वीसारखी राहिली नाही. आमच्या फडात बारा घरं, त्यातल्या सात घरांनी विहिरी पाडल्या. विहीर असलेला माणूस पाट साफ करायला कशाला येईल? दोघांनी आधीच डाळिंब लावलं. झाड दरवर्षी बदलता येत नाही, म्हणजे पिकांची फेरपालट तिथेच संपली. दसऱ्यानंतर कोणत्या फडात काय घ्यायचं याची बैठक होते, तिला या वर्षी चारच जण आले. "आबांना वाटतं मी फड मोडतोय," काका म्हणाले. "मोडायला तो उभा कुठंय?" शिवाय चुलतबहिणीच्या नर्सिंगची फी. ती आकडेवारी मी इथे देत नाही.

मला काकांच्या बोलण्यात चूक सापडली नाही. अजूनही सापडलेली नाही. आबा कोपऱ्यात बसून ऐकत होते, ते मध्ये एकदाच बोलले. तेल्या आला तर? काकांकडे त्याला उत्तर नव्हतं.

कोजागिरीच्या रात्री मुल्हेरला उद्धव महाराजांच्या समाधी मंदिरात रासक्रीडा असते, ती बघायला सगळे गेलो. रात्रभर चाललेल्या त्या गाण्यांत वेगवेगळ्या भाषा ऐकू येतात. सुरतेच्या वाटेवरच्या गावात दुसरं काय असणार! गर्दीत आबांनी माझा हात धरून ठेवला होता, मी हरवेन म्हणून. मी हात सोडवून घेऊन थोडी बाजूला गेले आणि पप्पांना फोन लावला. एक एकर डाळिंब आणि पाटाच्या तोंडाजवळचा अर्धा एकर फडातच राहू दे, असं सांगितलं. कारण तिथपर्यंत पाणी अजून पोचतं. आणि विहिरीवाल्यांना फडात राहू द्यायचं असेल तर पाटाचं पाणी विहिरी भरायला वापरता येतं का, हे मला शिकायचं आहे. पप्पा म्हणाले, "हा सिव्हिलचा सल्ला की नातीचा?" मी म्हटलं, आधी सही करा.

काकांना अर्धा एकर कमी झाला म्हणून राग आला. आबांना एक एकर गेला म्हणून. मी निघाले त्या सकाळी ते ओट्यावर नव्हते. शेतावर गेलेत, असं मोठी माय म्हणाली. एसटीत मांगी-तुंगीची टोकं दिसेनाशी होईपर्यंत मी मागे बघत होते आणि भाबडबारी ओलांडल्यावर रडले. वॉटर डिव्हाइडवर. हसा.

डाळिंबाची रोपं लागली आहेत. माझ्या फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय मी त्या पाटावर घेतला आहे. गाइडनी "लिटरेचर रिव्ह्यू काय?" विचारलं, तेव्हा मी हजारास एक सांगितलं.

मागच्या आठवड्यात रात्री दहाला, मेसची भाजी या विषयावर आमच्या रूममध्ये गंभीर चर्चा चालू असताना, काकांच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे आबा होते. त्यांनी मला कधीच फोन केलेला नव्हता. ते फोनमध्ये शेतात हाक मारावी तसे ओरडतात.

"पाट साफ कराले कव्हय येशी?"

रूममेटने माझ्याकडे बघितलं, भाषांतर करायला तयार होऊन. मी तिला हाताने थांबवलं.

"येसू," मी म्हणाले. "परीक्षा झाल्यावर." परीक्षेला अहिराणीत काय म्हणतात ते मला आलं नाही. रूममेट म्हणाली, परीक्षाच म्हणतात.